धीराचे भांडवल

माल घ्यावा, विकावा, वसुली करावी आणि पुन्हा खरेदीस निघावे. हे चक्र कापडात काही महिन्यांचे असते, धान्यात एका हंगामाचे. घरातील मुलाला रोजकीर्द लिहावयास बसवतो तेव्हा आपण त्याला याच चक्राची गती शिकवत असतो. जैवतंत्रज्ञानाचा व्यवसाय मात्र या हिशेबात बसत नाही. जिवंत पेशींकडून लस वा औषध तयार करून घेणाऱ्या या उद्योगात पहिली कित्येक वर्षे केवळ नावेची बाजूच भरत जाते. बँकेला तारण द्यावे असा माल गोदामात नसतो. शीतकपाटातील काही कुप्या आणि प्रयोगांच्या वह्या, एवढीच काय ती मत्ता! मग भांडवल घालावे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर हैदराबादच्या एका कंपनीच्या इतिहासात सापडते. यकृताला ग्रासणाऱ्या हिपॅटायटिस-बी या रोगावरील लस १९९०च्या दशकाच्या आरंभी आपल्याकडे परदेशातून येई आणि तिच्या एकेका मात्रेची किंमत शेकड्यांत असे. के. आय. वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते. जीवशास्त्राशी त्यांचा संबंध नव्हता. तरी ही लस येथेच तयार करण्याच्या निश्चयाने त्यांनी १९९३ मध्ये आईच्या नावाने ‘शांता बायोटेक्निक्स’ स्थापन केली. कल्पना सांगावयास सोपी होती. विषाणूच्या बाह्य आवरणातील प्रथिनाचा जनुक यीस्टच्या पेशीत बसवावयाचा, म्हणजे ते यीस्टच टाकीत वाढताना प्रथिन तयार करते. ते शुद्ध केले की लसीचा मुख्य घटक मिळतो. ही शुद्धी साधण्यातच वर्षे गेली.

येथील वित्तसंस्था अशा कामात पैसा गुंतवण्यास राजी नव्हत्या. मोठे भांडवल आले ते ओमानचे परराष्ट्रमंत्री युसूफ बिन अलावी यांच्याकडून. संशोधनास जागा मिळाली ती आधी उस्मानिया विद्यापीठात आणि नंतर पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्र या सरकारी संस्थेत. केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळानेही कर्ज दिले. या मंडळाची रचना व्यापाऱ्याने पाहण्याजोगी आहे. परदेशी तंत्रज्ञान विकत घेणाऱ्या उद्योगांकडून १९८६च्या कायद्याने उपकर घेतला जाई, आणि त्या निधीतून देशी तंत्रज्ञान बाजारात आणणाऱ्यास सवलतीच्या दराने, तेही सरळव्याजाने, कर्ज मिळे. आयातीवरील पट्टीतून घरच्या कारखान्याला उधारी! हा उपकर २०१७ मध्ये रद्द झाला.

ऑगस्ट १९९७ मध्ये लस बाजारात आली, आणि मात्रेची किंमत सुमारे पन्नास रुपयांवर उतरली. परंतु ज्या शासनाने प्रयोगशाळा व कर्ज दिले, ते गिऱ्हाईक म्हणून पुढे आले नाही. राष्ट्रीय लसीकरणात या लसीचा पथदर्शी प्रयोग २००२ मध्ये सुरू झाला, आणि देशभर ती मिळण्यास २०११ उजाडले. दरम्यान कंपनीला युनिसेफसारखा खरेदीदार लाभला. २००६ मध्ये फ्रान्सच्या मेरियू समूहाने तिचे बहुसंख्य भाग घेतले, तर २००९ मध्ये ती सनोफीकडे गेली. जोखीम ज्याने घेतली त्याने फळ घ्यावे, यात गैर काही नाही. फक्त त्या वहीत भारतीय भांडवलदाराचे खाते फार लहान होते, एवढेच खटकते.

देशाची नवनिर्मितीची व्यवस्था म्हणतात ती हीच: कोणत्या टप्प्यावरची जोखीम कोणी उचलावी, याची वाटणी. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला, आणि उद्योगाला हात देण्यासाठी त्याने २०१२ मध्ये ‘बायरॅक’ ही स्वतंत्र कंपनी काढली. तिच्या एका योजनेत नव्या कल्पनेस अठरा महिन्यांसाठी पन्नास लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील ‘व्हेंचर सेंटर’ या कामी नवउद्योजकांना जागा, उपकरणे व सल्ला देते. पहिली पायरी अशी बांधली गेली आहे. अडते ते त्यापुढे, माणसांवरील चाचण्यांच्या टप्प्यावर. तेथे खर्च कोटींत जातो. अनुदान संपलेले असते आणि बँक अजून दारात उभी करत नाही.

याच टप्प्यावर व्यापारी घराण्यांचा पैसा क्वचितच दिसतो. शहराबाहेरचा सदनिकेचा व्यवहार आपण दहा वर्षे कुलूप लावून सांभाळतो आणि त्याला दूरदृष्टी म्हणतो. प्रयोगशाळेसाठी दहा वर्षे थांबणे मात्र आपल्याला जुगार वाटतो. एकाच प्रयोगावर घरचे सारे लावावे असे मी म्हणत नाही; तो खरोखरच जुगार ठरेल. सेबीच्या २०१२च्या नियमांनी चालणारे पर्यायी गुंतवणूक निधी अनेक उद्योगांत पैसा विभागतात. त्यांत सर्वसाधारणपणे किमान एक कोटीची रक्कम लागते, म्हणून दोन-तीन भावांच्या पेढ्यांनी आधी घरातच मसलत करावी. आणि निधीच्या व्यवस्थापकास पहिला प्रश्न विचारावा तो शास्त्राचा नव्हे, आपल्या नेहमीच्या सवयीचा: माल तयार झाला, तर पहिली खरेदी कोण करणार?