जमाखर्चात नसलेला माणूस

भात झोडून घरात आले, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की आमच्या बुरोंडीकडे कबड्डीचे दिवस सुरू होतात. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. समुद्रावरून गार वारा सुटलेला असतो आणि हॅलोजनच्या उजेडात माणसे शाली-कांबळी गुंडाळून उशिरापर्यंत मैदानाभोवती बसतात. अशाच एका स्पर्धेचा जमाखर्च आमच्याकडे होता. कारकुनी करतो म्हणून अशी कामे आमच्याच गळ्यात पडतात. त्याबद्दल तक्रार नाही.

मंडप, दिवे, लाउडस्पीकर, चुना, पंचांचे मानधन, चषक, चहा-पोहे, हारतुरे. पैचा मेळ बसला. आम्ही वही मिटणार, तोच वाडीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. दोन रात्री मैदानाच्या कडेला मांडी घालून त्याने फोटो काढले होते. आम्हांला वाटले, पैसे मागायला आला असेल. तो म्हणाला, "काका, पैशांचं नाय. नाक्यावरच्या बोर्डावर जो फोटो लावलाय, तो मी काढलाय. खाली नाव टाकायला सांगाल काय?"

आम्ही नाक्यावर जाऊन पाहिले. बोर्डावर पाहुण्यांची नावे होती, देणगीदारांची होती. मध्यरेषेकडे झेपावणाऱ्या ज्या गड्यामुळे तो बोर्ड उठून दिसत होता, त्या गड्याचे नाव नव्हते. आणि फोटो काढणाऱ्याचेही नव्हते. घरी येऊन वही पुन्हा उघडली. चुन्याचा खर्च लिहिलेला होता, फोटोचा रकानाच नव्हता. वाचकहो, ती वही लिहिणारे दुसरे कोणी नव्हते, आम्हीच होतो.

दुसऱ्या दिवशी त्याची आई भेटली. म्हणाली, "भावोजी, त्या फोटूवर कुणाचं पोट भरतं काय? तुम्हीच त्याला समजवा." समजावण्याआधी आपण समजून घ्यावे, म्हणून आम्ही जरा वाचले, चार जाणत्यांना विचारले. तेच आज इथे मांडतो.

खेळाचे फोटो काढणे हा जगभर पोटापाण्याचा धंदा आहे. त्यातले सर्वांत अवघड काम कुठले, असे विचारले तर पुष्कळजण हिवाळी ऑलिम्पिकचे नाव घेतील. बर्फावरच्या खेळांची ही स्पर्धा १९२४ साली फ्रान्समधल्या शामोनी गावी सुरू झाली. आपल्या देशाचा खेळाडू तिथे प्रथम १९६४ साली उतरला. १९९८ साली जपानमधल्या नागानोला शिवा केशवन हा सोळा वर्षांचा मुलगा घसरगाडीच्या शर्यतीत उतरला, तर २०२२ साली बीजिंगला काश्मीरचा आरिफ खान हा एकटाच आपला खेळाडू होता. आपल्याकडे २०२० पासून गुलमर्ग आणि लेह इथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही होऊ लागल्या. महाराष्ट्रातली मुले तिथे बर्फावर स्केटिंग करून पदके घेऊन आली आहेत.

अशा ठिकाणी फोटोग्राफरचा दिवस कसा जातो? डोंगरउतारावरची शर्यत सकाळी असली तर त्याला कितीतरी आधी जागेवर जाऊन बसावे लागते. पाठीवर पिशवी, त्यात तीन-चार किलोची एकेक लेन्स, बुटांखाली बर्फात रुतणारे लोखंडी काटे. अंगावर नंबराचे जाकीट नसेल तर आत सोडत नाहीत. एकदा शर्यत सुरू झाली की मार्ग ओलांडता येत नाही. जागा चुकली तर ती शर्यत हातची गेली. तासन् तास हलायचे नाही, आणि ज्या क्षणासाठी बसायचे तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच निघून जातो.

हिशेबाची खोड म्हणून आम्ही गणित करून पाहिले. उतारावरचा खेळाडू ताशी १२० किलोमीटर वेगाने आला, तर एका सेकंदात ३३ मीटर जातो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतीच उघडली, तरी तेवढ्यात तो तीन सेंटिमीटर पुढे सरकलेला असतो! "नुसते बटण तर दाबायचे" असे म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

थंडीचे हाल वेगळेच. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात. श्वासाची वाफ कॅमेऱ्याच्या काचेवर बसून गोठते. जाड हातमोज्यांनी बटण कळत नाही आणि उघड्या बोटांना धातू चावतो, म्हणून आत पातळ मोजे, वर जाड. काम संपवून उबदार खोलीत शिरले की गार कॅमेऱ्यावर पाणी धरते. त्यासाठी बाहेरच तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा आणि आत आल्यावर सावकाश गरम होऊ द्यायचा. आपल्याकडे हेच उलटे घडते. वातानुकूलित गाडीतून बुरोंडीच्या बंदरावर उतरले की दमट हवेने लेन्स धुरकट होते. त्यात खारा वारा. आमचा हा मुलगा रोज रात्री मऊ फडक्याने कॅमेरा पुसताना आम्ही पाहिला होता, तेव्हा वाटले होते, काय हे लाड! आता कळले की ती हत्याराची निगा आहे. कोळी जाळ्याची घेतो तशीच.

पण या सगळ्यात आम्हांला सर्वांत शिकण्यासारखी वाटली ती उजेडाची गोष्ट. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा काटा सगळ्या जगाला मध्यम राखाडी धरून चालतो. समोर पांढराशुभ्र बर्फ आला की यंत्राला वाटते, उजेड फार झाला; ते उजेड कमी करते आणि बर्फ मळकट राखाडी येतो. म्हणून जाणता फोटोग्राफर यंत्राचे न ऐकता दुप्पट, कधी चौपट उजेड आत घेतो. आपल्याकडे भर दुपारी समुद्राच्या बाजूला तोंड करून फोटो काढा. मागच्या लखलखाटाने यंत्र बिचकते आणि उन्हात रापलेले आपल्या माणसांचे चेहरे कोळशासारखे येतात. रात्री त्याच्या उलट. मागे काळामिट्ट अंधार असला की यंत्र उजेड वाढवते आणि खेळाडूचा चेहरा पांढरा फटक पडतो. यंत्राला सरासरी कळते, माणूस कळत नाही. समोर कोण आहे हे ओळखून त्याला त्याच्या वाट्याचा उजेड देणे, हे काम माणसाचेच.

आणि यंत्र बनवणाऱ्यांची सरासरी तरी कोणाची होती? रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या बाईचा नमुनाफोटो पाठवत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. कितीतरी वर्षे तिचीच कातडी हे माप होते. त्यामुळे काळ्यासावळ्या चेहऱ्यांचे बारकावे फोटोत बुडून जात. पुढे फिल्म सुधारली. त्यामागे फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा हात होता, असे त्या कंपनीत काम केलेल्यांनीच सांगून ठेवले आहे. लाकडाच्या आणि चॉकलेटच्या छटा नीट येत नव्हत्या ना! यावर आम्ही वेगळे काय बोलावे?

नागानोच्या त्याच १९९८ च्या स्पर्धेत ऑस्ट्रियाचा हरमान मायर हा खेळाडू उतारावर वेगात उडाला, हवेत आडवा झाला आणि कुंपणे मोडून बर्फात जाऊन पडला. थोड्याच दिवसांत उठून त्याने दोन सुवर्णपदके जिंकली. तो हवेत आडवा असतानाचा फोटो जगभर गाजला. तो कार्ल यार्ब्रो या फोटोग्राफरने काढला. आज इतक्या वर्षांनी बुरोंडीत बसून आम्ही दोन्ही नावे लिहू शकतो, खेळाडूचे आणि फोटो काढणाऱ्याचेही. कारण तिथे कोणीतरी दोन्ही नावे टिपून ठेवली.

आपल्याकडे असे कोणी नव्हतेच, असेही नाही. मुंबईत फोटोचा स्टुडिओ चालवणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ च्या नोव्हेंबरात हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीक आणि कृष्णा न्हावी या पैलवानांची कुस्ती चित्रफितीवर टिपली. ती धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली होती. भारतीय माणसाने टिपलेले पहिले चलत्‌चित्र म्हणून ती ओळखली जाते आणि ते एका खेळाचेच होते! आमच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे १९०१ साली विलायतेहून परतले, तो सोहळाही याच सावे दादांनी टिपला. रँग्लरांचे नाव एरवीही राहिलेच असते. पण त्या दोन पैलवानांची नावे आज कोणाला ठाऊक असती? ती राहिली, कारण एक माणूस यंत्र घेऊन तिथे उभा होता.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येऊ. पोट भरते काय? खरे सांगायचे तर लगेच नाही आणि सगळ्यांचे नाही. हिवाळी ऑलिम्पिकचे जाकीट सहसा वृत्तसंस्थांच्या नाहीतर मोठ्या वर्तमानपत्रांच्या माणसांनाच मिळते, आणि त्याआधी किती वर्षे गल्लीबोळातली मैदाने तुडवावी लागतात. लेन्सा महाग असतात. कर्ज काढून दिखाऊ कॅमेरा घेऊ नये. जुना, चालू स्थितीतला घ्यावा. लग्न, बारसे, शाळेचा कार्यक्रम यांवर घर चालवावे आणि मैदान सोडू नये. शिक्षण तर मुळीच सोडू नये, कारण फोटोखाली चार ओळी लिहाव्या लागतात: कोण, कुठे, केव्हा, कोणाविरुद्ध. नाव चुकले तर उत्तम फोटोही फुकट जातो.

आणि हक्क माहीत असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने फोटो काढणाऱ्यालाच त्या फोटोचा कर्ता मानले आहे. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जाते. पण 'हा मी काढला' असे सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे काढणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे तो मुलगा आमच्या दारात मेहेरबानी मागायला आला नव्हता. कायद्याने त्याचेच असलेले मागत होता.

मंडळाच्या बैठकीत आम्ही विषय काढला. एकजण म्हणाला, "दोन बटणं दाबल्याचे पैसे कसले?" आम्ही म्हणालो, "शिट्टी वाजवल्याचे पंचाला देतो ना?" थोडी हुज्जत झाली. शेवटी असे ठरले की पुढच्या वर्षीपासून फोटोसाठी रक्कम आधीच धरायची आणि या वर्षी निदान त्याचा जाण्यायेण्याचा आणि बॅटरीचा खर्च द्यायचा. फार नाही मिळाले. पण वहीत ओळ आली.

बोर्ड पुन्हा छापणे परवडणारे नव्हते. आम्ही पांढऱ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या, आमच्या कारकुनी अक्षरात एकीवर त्या गड्याचे नाव लिहिले, दुसरीवर फोटो काढणाऱ्याचे, आणि खळ लावून चिकटवल्या. संध्याकाळी मासळीची पाटी घेऊन त्याची आई त्या वाटेने आली. बोर्डापाशी थांबली, बोटाने अक्षरे लावीत नाव वाचले. आम्हांला काही बोलली नाही. पाटी सावरून घराकडे गेली.

वाचक बंधू-भगिनींनो, तुमच्याही वाडीत, चाळीत कार्यक्रम होतात आणि कोणाचा तरी मुलगा, कोणाची तरी मुलगी कडेला उभी राहून तुमचे फोटो काढते. जमाखर्च लिहाल तेव्हा एक ओळ त्यांच्यासाठी सोडा आणि फोटो लावाल तेव्हा खाली नाव टाका. तेही काम आहे, आणि कामाचा मोबदला कसा बुडतो हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.