भिंतीतली शेजारीण

कुरआनात मधमाशीच्या नावाची एक सूरह आहे, सूरह नहल. तिच्या ६८ व्या आयतीत मधमाशीला घर करण्यासाठी तीन जागा सांगितल्या आहेत: डोंगर, झाडे आणि माणसांनी उभारलेली बांधकामे. कड्यावरची आग्या माशी आणि ढोलीतली सातेरी आपल्याला ऐकून माहीत असते. तिसऱ्या जागेत राहणारी माशी मात्र रोज नजरेसमोर असूनही ओळखीची नसते.

मोमिनपुऱ्यासारख्या नागपूरच्या जुन्या वस्त्यांत एखाद्या भिंतीच्या फटीतून मेण आणि राळेची लहानशी नळी बाहेर आलेली दिसते. तिच्या तोंडाशी जेमतेम ३-४ मिलिमीटर लांबीच्या काळसर माश्या बसलेल्या असतात. हीच पोया माशी. तिला डंख मारता येत नाही. फारच छेडले तर केसांत शिरून चावते. लोक तिला चिलट समजून फवारा मारतात किंवा रंगकामाच्या वेळी पुट्टीने नळी बुजवतात. आतले भरले घर गुदमरून मरते.

या शेजारणीचे खाणे दोन प्रकारचे. फुलांतल्या मकरंदापासून मध होतो, त्यातून काम करायची ताकद मिळते. परागकणांतून पिलांना प्रथिने मिळतात. मागच्या पायांवर लादून आणलेले परागकण ती मेणाच्या इवल्या मडक्यांत साठवते. मधाची मडकी वेगळी. सातेरी आपल्या अळ्यांना वरचेवर भरवत राहते. पोया तसे करत नाही. प्रत्येक खोलीत परागकण व मधाचे खाणे आधीच भरले जाते, राणी त्यावर अंडे घालते आणि कामकरी माश्या खोलीचे तोंड लगेच बंद करतात. अळीने त्याच शिदोरीवर वाढायचे. म्हणून परागकण कमी पडले की नव्या खोल्याही कमी होतात.

त्यात ही माशी फार लांब उडत नाही. आग्या माशी काही किलोमीटर जाऊन येते, पोयाची धाव काही शे मीटरची. म्हणजे आपल्या मोहल्ल्यात जे फुलते, तेच तिचे अन्न.

आणि आपल्या मोहल्ल्यात तिच्यासाठी बरेच काही आहे. थंडी सरताना मुनगा आणि वाफ्यात राहून गेलेला सांबार फुलतो. मार्च-एप्रिलमध्ये करंज आणि कडुनिंब, उन्हाळ्याच्या शेवटी चिंच. पावसाळ्यात बाभूळ, बोर आणि लाजाळू. कुंपणाची मेहंदी छाटली नाही तर तिला सुवासिक तुरे येतात. कब्रीवर वाहिला जाणारा सब्जाही, मंजिऱ्या धरू दिल्या तर, माश्यांनी गजबजतो. कारल्याच्या वेलीवर नर व मादी फुले वेगळी असतात. कोणी परागकण पोहोचवले तरच कारले धरते. हे काम करणाऱ्यांत आपली पोयाही असते.

आता अंगणे सिमेंटची झाली. उरलेल्या कुंड्यांत आपण घट्ट, दुहेरी पाकळ्यांची शोभेची फुले लावतो. अशा फुलांत पुष्कळदा पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. फूल मोठे, पण माशीला परागकण जवळजवळ नाहीत.

करायचे ते थोडेच आहे. घर रंगवणाऱ्या कारागिराला नळीची जागा आधी दाखवून ती सोडायला सांगावी. सांबाराची आणि सब्जाची दोन-चार रोपे न खुडता फुलू द्यावीत. कीटकनाशक मारायची वेळ आलीच तर फुललेल्या झाडावर मारू नये. शब-ए-बरातच्या आधी कब्रस्तानाची सफाई होते, तेव्हा कमिटीतल्या मंडळींनी वाटा मोकळ्या कराव्यात, पण कडेची मेहंदी, बोरी आणि सब्जा सरसकट कापू नये. शहरात इतकी जुनी झाडे एका जागी आता थोड्याच ठिकाणी उरली आहेत.

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे माणूस, पक्षी वा जनावर जे खाईल, तो त्याच्यासाठी सदका ठरतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आम्हाला वाटते, या यादीत भिंतीतल्या या शेजारणीलाही धरायला हरकत नाही. यंदा मुलांच्या हातून एका कुंडीत सब्जा पेरावा आणि त्याला फुले आली की सकाळी दहा मिनिटे त्यांना तिथे बसवावे. कोण येते, पायांवर काय घेऊन जाते आणि कोणत्या भिंतीकडे उडते, हे मुलेच शोधून काढतील.