सरकारी लिलांवातील जमीन

आळंदीच्या आसपास, मरकळकडे व चाकणच्या वाटेवर, जमिनीस आज जो भाव आला आहे तो पाहून, "सारा थकल्यामुळें निघालेली जमीन सरकारी लिलांवात घ्यावी काय?" असें आमच्या परिचयाचे गृहस्थ आम्हांस विचारतात. विकणारें सरकारच असल्यामुळें हक्क निर्मळ असणारच, अशी त्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायीं आयुष्याची पुंजी अडकून पडते.

प्रथम पाहावयाचें तें हें कीं, थकबाकी कशाची आहे. जमिनीचा सारा हा त्या जमिनीवरील सर्वांत वरचा बोजा, असें महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, मानते. तो न भरल्यास भोगवटा सरकारजमा होऊं शकतो, व अशा भोगवट्याची विक्री पूर्वीच्या खातेदारानें केलेल्या गहाणादि बोजांपासून मुक्त होते. येथें घेणाराची बाजू बळकट असते. परंतु सर्वच लिलांव या जातीचे नसतात. इतर कित्येक सरकारी देणीं कायद्यानें केवळ 'जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें' वसूल केलीं जातात. तेथें विकला जातो तो थकबाकीदाराचा स्वतःचा हक्क, तेवढाच. भावाचा वांटा, बहिणीचा वांटा, पूर्वीचें गहाण हीं जेथल्या तेथें राहतात. लिलांव कोणत्या कलमाखालीं आहे हें न पाहतां बोली बोलणें म्हणजे पोथी न सोडतां पारायणाचें पुण्य मागणें होय.

बोली संपली म्हणजेही जमीन आपली होत नाहीं. किंमतीचा चौथा हिस्सा तेथल्या तेथें भरावा लागतो. परंतु पुढें तीस दिवसांच्या आंत जुन्या मालकास थकबाकी, आणि खरेदीदारासाठीं किंमतीच्या शेंकडा पांच इतकी रक्कम, भरून विक्री रद्द करून घेण्याचा अर्ज करतां येतो. जाहीरनाम्यांत वा लिलांवात मोठी अनियमितता अगर लबाडी होऊन आपलें नुकसान झालें, अशी तक्रारही त्याच मुदतींत करतां येते. खरेदीदारास हा महिना जड जातो खरा. पण ज्याचें वडिलोपार्जित शेत जात आहे त्यास इतकी उसंत मिळावी हें आम्हांस न्याय्यच वाटतें. विक्री कायम झाल्यावरच ताबा व दाखला मिळतो. दाखल्यांत ज्याचें नांव तोच खरेदीदार. मेहुण्याच्या नांवें बोली बोलून मागाहून "पैसे आमचे होते" म्हणून दावा लावणाऱ्यास दाद मिळत नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस बाधणारी गोष्ट निराळीच आहे. १ एप्रिल १९५७ रोजीं, कृषकदिनीं, कुळें मालक झालीं आणि अनेक ब्राह्मण घराण्यांचीं नांवें सातबाऱ्यावरून उतरलीं. १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. आणि महसुलाच्या थकबाकीसाठीं झालेली विक्रीही त्या कलमांत स्पष्ट शब्दांनीं घातलेली आहे. कलेक्टरांच्या परवानगीवांचून ती विक्री वैध नाहीं. आजोबांची सनद पेटींतून काढून दाखविल्यानें येथें कांहींएक भागत नाहीं.

याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत आगम व भोग यांचा विचार केला आहे, तो येथें उपयोगीं पडतो. दाखला हा आगम, ताबा हा भोग. सातबारा या दोहोंपैकीं कोणताच नव्हे. न्यायालयांनीं वारंवार सांगितलें आहे कीं, फेरफारानें मालकी उत्पन्न होत नाहीं. तथापि फेरफार करून घ्यावाच, कारण पुढील घेणारा तोच आधीं मागतो. दाखल्याची नक्कल महसूल अधिकाऱ्यानें नोंदणी कचेरीकडे पाठवावयाची असते. ती तेथील पुस्तकांत लागली कीं नाहीं, हें स्वतः जाऊन पाहावें. आळंदी खेड तालुक्यांत असल्यानें तहसिलीच्या कामास राजगुरुनगरचे हेलपाटे धरूनच चालावें.

राहतां राहिली आकारीपड जमीन, म्हणजे आकार न भरल्यानें सरकारनें आपल्याकडे घेतलेली. ती मूळ खातेदारांस अगर त्यांच्या वारसांस बाजारमूल्याच्या शेंकडा पांच रक्कम घेऊन परत करावी, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें जानेवारी २०२५ मध्यें घेतला. तेव्हां "सरकारांतून सोडवून देतों" म्हणून कोणी दलाल अशी जमीन दाखवूं लागला, तर मूळ खातेदार कोण व त्याचे वारस किती, हें विसार देण्यापूर्वीं विचारावें, आणि तो जीं नांवें सांगेल तीं जुन्या फेरफारांशीं ताडून पाहावीं.