बायोडाटात तेंदूची फळी का नाही?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली-आलापल्ली भागात नोकरीचा विषय निघाला की दोन मतं हमखास ऐकू येतात. पहिलं असं : ‘बायोडाटा-फियोडाटा शहरातल्या पोरांसाठी. सूरजागडच्या खाणीवर चिठ्ठी चालते. साहेबाची, पुढाऱ्याची, नाहीतर कंत्राटदाराची.’ दुसरं याच्या अगदी उलट : ‘इंग्रजीत झकास रिझ्युमे करून घे, चार वाक्यं घोकून जा, कॉन्फिडन्स दाखव. नोकरी पक्की.’ पहिलं मत पोराला घरी बसवतं, दुसरं त्याचा खिसा रिकामा करतं. दोन्ही टिकतात मात्र, कारण दोन्हींत थोडं तथ्य आहे.

पहिल्या मतातलं तथ्य आधी मान्य करू. सूरजागडच्या डोंगरावरचा ३४८ हेक्टरचा लोहखनिजाचा पट्टा लॉयड्स मेटल्स या कंपनीला २००७ मध्ये मिळाला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली पाऊणशेच्या आसपास वाहनं जाळली आणि खाणकामाला खरा वेग आला तो २०२१ नंतर. २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची परवानगी ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली. १ जानेवारी २०२५ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीच्या लोहप्रकल्पाचं उद्घाटन झालं. एवढी उलाढाल दारात येऊनही ‘पहारा आणि झाडलोट आपल्याला, मशीन बाहेरच्याला’ ही तक्रार गावोगावी आहे. डोंगर खणावा की नाही, हा इलाख्यातल्या ग्रामसभांनी उचललेला प्रश्न तर कुठल्याही बायोडाटानं सुटणारा नाही.

शिवाय अर्जावरचं नाव वाचलं जातं, हा निव्वळ संशय नव्हे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्याचे निष्कर्ष आले. दलित आडनावाच्या आणि मुस्लिम नावाच्या अर्जांना उच्चवर्णीय नावाच्या अर्जांपेक्षा स्पष्टपणे कमी प्रतिसाद मिळाला होता. आत्राम, मडावी, पुंगाटी ही आदिवासी आडनावं बघूनही कुणी मनाशी काही ठरवत असेल, ही भीती म्हणूनच पोकळ ठरत नाही.

पण यातून ‘मग लिहायचंच कशाला’ हा निष्कर्ष निघत नाही. चिठ्ठीवाल्याला चिठ्ठी पुरते. ज्याच्याकडे ती नाही, त्याच्याजवळ कागदाखेरीज दुसरं काय आहे? तो कागद कोरा ठेवला, तर निवड का झाली नाही हे विचारायलाही आधार उरत नाही. आणि खाणीतली बरीच कामं चिठ्ठीवर मिळूच शकत नाहीत. मायनिंग मेट किंवा ब्लास्टर व्हायचं तर खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. अवजड वाहनाला परवाना लागतो. कामावर घेण्याआधी वैद्यकीय तपासणी होते आणि नियमाप्रमाणे प्रशिक्षण होतं. सूरजागडला आज स्थानिक आदिवासी महिला अवजड डंपर चालवतात. त्यांना स्टिअरिंगपर्यंत नेलं ते प्रशिक्षणानं आणि परवान्यानं.

आता दुसरं मत. तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरवर छापून मिळणारा बायोडाटा जवळून पाहावा. वर मोठ्या अक्षरांत ‘रिझ्युमे’. खाली कुठूनतरी उतरवलेलं इंग्रजी वाक्य : आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीत योगदान देण्याची इच्छा. मग जात, धर्म, वैवाहिक स्थिती. छंद : क्रिकेट, वाचन. अनुभव : फ्रेशर. शेवटी वरील माहिती खरी असल्याची घोषणा. दहा अर्जांतले नऊ असेच असतील, तर निवडणाऱ्यानं निवडावं कशावरून? तो मग चिठ्ठीच शोधणार.

‘फ्रेशर’ हा शब्द तर बहुतेक वेळा खोटा असतो. याच पोरानं उन्हाळ्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करण्याच्या केंद्रावर, हिशेब लिहिलेला असतो. सत्तर पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी. कुणी किती पुडे आणले, किती बाद झाले, कुणाचे किती पैसे निघतात, हे रोज संध्याकाळी शंभर डोळ्यांसमोर जुळवायचं. चूक झाली तर तिथंच भांडण. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या हाती घेतलं, तेव्हापासून जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदू-बांबूचा व्यवहार आपणच करतात. लिलाव, करारनामा, बँक खातं, मजुरीवाटप ही सगळी कामं गावातली शिकलेली पोरंच सांभाळतात. स्टोअरकीपर, टाइमकीपर, वजनकाट्यावरचा कारकून यांच्याकडून दुसरं काय हवं असतं? ‘दोन हंगाम फळीवर हिशेबाचं काम, नोंदवही व मजुरीवाटप सांभाळलं, ग्रामसभेचा दाखला सोबत’ एवढी एक ओळ त्या उसन्या इंग्रजी वाक्यापेक्षा वजनदार आहे. माडिया, गोंडी, तेलुगू, छत्तीसगडी येत असेल तर तेही लिहावं. पाळीवर कामगारांना सुरक्षेची सूचना समजावून सांगणारा माणूस खाणीला लागतोच. जात-धर्माचा रकाना मात्र काढून टाकावा. जातीचा दाखला राखीव जागेच्या फायलीत लावायचा असतो.

मुलाखतीतल्या चटपटीत बोलण्याचंही तेच. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडपद्धतींवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. पुढची कामगिरी ओळखायला प्रत्यक्ष काम करून दाखवणं आणि सर्वांना तेच ठरलेले प्रश्न विचारणारी मुलाखत या पद्धती मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा बऱ्याच सरस ठरल्या. ‘गाडी हातात घेतल्यावर आधी काय बघशील?’ या प्रश्नाला इंग्रजी लागत नाही. इंजिन ऑइल, कूलंट, टायर, ब्रेक, मागे घेतानाचा भोंगा, आरसे. मग उतारावर थांबताना हँडब्रेक आणि चाकाखाली ठोकळे. हे क्रमानं, मराठीत सांगणारा उमेदवार तयारीचा. प्रश्न कळला नाही तर ‘साहेब, पुन्हा सांगा’ म्हणण्यात कमीपणा नाही. माडिया बोलणारी बरीच पोरं मनात भाषांतर करायला थांबतात आणि समोरचा त्या थांबण्याला अज्ञान समजतो. थांबण्याची ही सवय मोडायला आयटीआयमध्ये घेतलेल्या सराव मुलाखती पुरे आहेत.

पण सगळी जबाबदारी एकट्या उमेदवारावर टाकता येणार नाही. भरती करणाऱ्यांनी पद, पात्रता आणि निवडीचे निकष मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, सर्वांना तेच प्रश्न विचारावेत, चालकाची चाचणी गाडीवर घ्यावी आणि नाकारलेल्याला कारण सांगावं. ग्रामसभांनी फळीवर काम केलेल्या प्रत्येकाला हंगाम संपताच सही-शिक्क्याचा दाखला द्यावा. त्याला कुठल्या शासननिर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या हंगामापासून सुरुवात करता येईल.