पिवळ्या दिव्याची फिर्याद

गाडीला स्कॅनर लावला, कोड आला, कोडाशेजारी ज्या भागाचे नाव दिसले तो भाग बदलला, आणि एवढ्यालाच दुरुस्ती म्हणावयाचे, असा जो प्रघात अलीकडे पडला आहे, तो ग्राहकाच्या पैशाची आणि मिस्त्र्याच्या विद्येची एकसमयावच्छेदेकरून हानी करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बालाघाट जिल्ह्यातील कटंगीसारख्या तालुक्याच्या गावी ही हानी विशेष जाणवते. कारण येथील गाडीमालकाला मोठे वर्कशॉप गाठावयाचे तर बालाघाट, गोंदिया, नाही तर नागपूर अशी वाट धरावी लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, तरी अवघड दुखण्यासाठी, मग ते माणसाचे असो वा मोटारीचे, इकडच्या लोकांचा ओढा नागपूरकडेच राहिला आहे. एवढी पायपीट ज्याला टाळावयाची आहे, त्याचे सारे भवितव्य गावातल्या गॅरेजच्या विवेकावर अवलंबून असते.

डॅशबोर्डवर पेटून स्कॅनर लावावयास भाग पाडणारा हा पिवळा दिवा मुळात आला कोठून, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. इंजिनाच्या कारभारावर नजर ठेवणारी ही यंत्रणा दुरुस्तीच्या सोयीसाठी जन्मास आलेली नाही. धुराने गांजलेल्या कॅलिफोर्निया राज्याने १९८८ सालच्या गाड्यांपासून ती सक्तीची केली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींत तिची सुधारलेली, सर्व कंपन्यांना समान अशी आवृत्ती आली. आणि आपल्या देशात भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर १ एप्रिल २०१० पासून तिचा पहिला व १ एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा अमलात आला. स्टिअरिंगखालच्या ज्या सोळा पिनांच्या सॉकेटात मिस्त्री आपला स्कॅनर लावतो, ते त्या समानतेचेच फळ होय. म्हणजे धूर बिघडला आहे काय, एवढाच या दिव्याचा मूळ सवाल. कोणता भाग बदलावा याचे उत्तर देण्याची जबाबदारी त्याने कधी पत्करलेलीच नव्हती.

गाडी मिसिंग करते असे आपण म्हणतो, तेव्हा आत काय घडत असते? चार सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकशाफ्टला दर अर्ध्या फेऱ्यास एका सिलिंडरातील ज्वलनाचा रेटा मिळावयास हवा. एखाद्या सिलिंडरात ज्वलन झाले नाही की तो रेटा चुकतो आणि क्रँकचा वेग क्षणमात्र मंदावतो. क्रँकवरील चक्राचे दाते सेन्सरपुढून किती वेळात सरकले याचा हिशेब ठेवणारा संगणक हे मंदावणे टिपतो, त्या क्षणी कोणत्या सिलिंडराची पाळी होती हे पाहतो, आणि पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी एक कोड आपल्या दप्तरी दाखल करतो. दोष एकाच सिलिंडरावर ठरविता आला नाही, तर पी ०३००. संगणकाने ठिणगी पाहिलेली नसते, पेट्रोलचा फवारा पाहिलेला नसतो. क्रँक अडखळला, एवढेच त्याला ठाऊक असते. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांना बसणारे हिसके क्रँकपर्यंत पोचूनही तशी अडखळ उत्पन्न होऊ शकते, आणि म्हणूनच अनेक गाड्यांत खराब रस्ता ओळखून ही नोंद तेवढ्यापुरती तहकूब ठेवण्याची तजवीज असते.

तात्पर्य, कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे. तिची रुजुवात व्हावयाची असते. पी ०३०२ आला असे समजा. दुसऱ्या सिलिंडरात ज्वलन चुकण्यास प्लग, कॉइल, इंजेक्टर, हवेची गळती, जळालेला व्हॉल्व्ह वा घसरलेले कॉम्प्रेशन यांपैकी कोणतेही कारण पुरते. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत जाणता मिस्त्री लगेच नवी कॉइल मागवीत नाही. तो दुसऱ्या सिलिंडरावरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवितो, तिसऱ्याची दुसऱ्यावर आणतो, कोड पुसतो आणि गाडी चालवून पाहतो. आता पी ०३०३ उमटला तर दोष कॉइलचा. पी ०३०२ च परत आला तर कॉइल निर्दोष. या चाचणीला एक पाना, थोडा वेळ आणि शांत डोके याहून अधिक काही लागत नाही. मग तो प्लग काढून उजेडात धरतो. टोक कोरड्या काजळीने काळे असेल, तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. तेलकट असेल, तर इंजिन ऑइल वर चढत आहे. पांढरेफटक असेल, तर मिश्रण विरळ किंवा उष्णता अवाजवी. आणि चिनीमातीवर केसाएवढी काळी रेघ दिसली, तर ठिणगी आत न पडता बाहेरूनच वाट काढीत आहे. हे वाचन ज्याला येते, त्याच्या हाती साधा स्कॅनरही पुरेसा होतो, आणि ज्याला येत नाही, त्याच्या हाती महागडे यंत्रही ग्राहकाचा खर्चच वाढविते.

आमच्या धानाच्या मुलखात आणखी एक कारण विसरून चालत नाही. कापणीनंतर कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर शिरतात आणि इंजेक्टरची वा कॉइलची बारीक वायर कुरतडतात. कोडात इंजेक्टरच्या सर्किटचे नाव वाचून नवा इंजेक्टर घालणाऱ्याला मग पैसे मोजूनही दिवा पुन्हा पेटलेला दिसतो, कारण तुटलेली वायर तशीच राहिलेली असते.

दिव्याच्या बाबतीत एक भेद मात्र प्रत्येक चालकाने कंठस्थ करावा. पिवळा दिवा स्थिर जळत असेल आणि दुसरे कोणतेही लक्षण नसेल, तर गाडी सावकाश घरी आणून तपासणीस द्यावी; परंतु तो लुकलुकू लागला, तर पाय ॲक्सिलरेटरवरून काढून सुरक्षित जागी थांबलेच पाहिजे. कारण तेव्हा ज्वलन वारंवार चुकत असते; न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, आणि प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा लेप दिलेली त्याची जाळीदार वीट त्या उष्णतेने वितळू लागते. प्लगच्या किरकोळ दोषापायी त्याच्या कैक पटीने महाग भाग जातो तो असा. शिवाय रस्त्याकडेच्या वाळलेल्या तणसावर अशी तापलेली गाडी उभी करण्यात आगीचा धोका आहे.

परंतु सारा दोष गावच्या मिस्त्र्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पी नंतर शून्य आला तर कोड सर्व कंपन्यांना समान असतो. एक आला, तर त्याचा अर्थ ती ती कंपनी ठरविते, आणि तो अर्थ तिच्याच दस्तऐवजांत मिळतो. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच मक्तेदारीसाठी. आणि सुटे भाग, तपासणीची साधने व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांस उपलब्ध करावी, असा हुकूमही दिला. दंडाच्या रकमेवरील अपिलांचा वाद बाजूला ठेवला, तरी हुकुमाचे तत्त्व निर्विवाद आहे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले, हेही स्वागतार्ह. परंतु कंपन्यांच्या कोडांचे अर्थ आणि वायरिंगचे नकाशे हिंदीत व मराठीत, गॅरेजवाल्याला परवडेल अशा किमतीत मिळाल्यावाचून या सीमाभागात त्याचा लाभ पोचणार नाही. जिल्ह्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने वर्षातून निदान एकदा तालुक्याच्या गावी येऊन चालू धंदा करणाऱ्या मिस्त्र्यांना हे शिक्षण द्यावे, अशी माझी मागणी आहे. तरुण विद्यार्थ्यांइतकीच त्याची गरज ज्यांनी कार्बोरेटरवर हयात घालविली त्यांना आहे.

ग्राहकानेही आपल्या वाट्याचे काम करावे. बिलावर कोड लिहून मागावा, कोणती चाचणी करून भाग बदलला ते विचारावे, जुना भाग परत घ्यावा. आणि कोड पुसण्यापूर्वी त्याच्यासोबत साठविलेली नोंद, म्हणजे त्या क्षणी इंजिन किती फेऱ्यांवर होते, किती तापले होते, गाडीचा वेग काय होता, ही कागदावर उतरवून घ्यावी. कारण कोड पुसताच तीही पुसली जाते, आणि पुढच्या मिस्त्र्याला तपास पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.