जुनी लेन्स, नवा कॅमेरा

एखाद्या घरी आजोबांच्या वेळचा, सुटी लेन्स असलेला कॅमेरा कपाटात पडून असतो. त्याची फिल्म आता सहजी मिळत नाही. म्हणून कॅमेऱ्याबरोबर त्याची लेन्सही अडगळीत जाते. हा त्या लेन्सवर अन्याय होय.

नीट जपलेली काच आपले काम विसरत नाही. प्रकाशकिरण वळवून प्रतिमा उमटवणे, हे तिचे काम. ती प्रतिमा फिल्मवर पडो की डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर, लेन्सला त्याचे सोयरसुतक नसते. १९५९ साली निघालेल्या ‘निकॉन एफ’ या कॅमेऱ्याचेच उदाहरण घ्यावे. त्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असे. आरशासाठी जागा हवी, म्हणून लेन्स बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवलेले होते. त्याच कंपनीच्या २०१८ साली आलेल्या ‘झेड’ कॅमेऱ्यांत आरसा नाही. तेथे हे अंतर १६ मिलिमीटर आहे. उरलेल्या ३०.५ मिलिमीटरांची, दोन्ही तोंडांना योग्य कडी असलेली पोकळ नळी मध्ये बसवली, की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याशी जुळते.

कोणी विचारील, “नव्या लेन्समधील मोटार क्षणात फोकस साधते, मग हा खटाटोप कशाला?” त्याचे उत्तर असे. आजी अंगणात तांदूळ निवडत बसली आहे. चित्रात स्पष्ट काय दिसावे, तिचे डोळे की सुपातील तांदूळ? यंत्र आपल्या रीतीने ते ठरवून मोकळे होते. जुन्या लेन्सचे कडे हाताने फिरवणाऱ्याला मात्र हा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. दुसऱ्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८ असे आकडे कोरलेले असतात. एकेक आकडा पुढे जावे, तसतसा आत येणारा प्रकाश निम्मा होत जातो आणि पुढचे-मागचे अधिक स्पष्ट दिसू लागते. हे सारे ठरवण्यासाठी आधी नीट पाहावे लागते; आणि पाहण्याची ही सवय हीच छायाचित्रकाराची खरी विद्या होय. नवा कॅमेराही येथे साहाय्य करतो. चित्राचा हवा तो भाग तो पडद्यावर मोठा करून दाखवतो.

जुन्या लेन्सचे दोषही झाकून ठेवू नयेत. कडे फिरवीपर्यंत पाखरू उडून जाते. समोरून ऊन आले, तर चित्र बहुधा फिके पडते. कोकणासारख्या दमट हवेत आतल्या काचांवर बुरशी धरते. जेथे क्षणाची घाई आहे, तेथे नवी लेन्सच वापरणे शहाणपणाचे.

‘जुने ते सोने’ ही म्हण प्रत्येक वस्तूला लागू पडत नाही, हे खरेच. परंतु सोने आहे की नाही, हे कसोटीवर घासल्याशिवाय कसे कळणार? कपाटातील ती लेन्स टाकून देण्यापूर्वी एकदा उजेडात धरून पाहावी. काच स्वच्छ असेल, तर तिला पुन्हा कामाला लावावे.