सुई कुणाची, बोट कुणाचं

परवा घंटागाडीवरच्या मावशी दोन दिवसांनी दिसल्या, बोटाला चिंधी बांधलेली. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही हो वहिनी, सुई टोचली. ओल्या कचऱ्यात होती, बारकी, इन्सुलिनची." दवाखान्यात गेलात का? नाही. मुकादमाला सांगितलंत? "सांगून काय, खाडा लावलाच की!"

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. आमच्याकडे सासूबाईंना रोज इन्सुलिन असतं आणि सुई मी कागदात गुंडाळून डब्यात टाकत होते. तीच कशावरून नसेल?

अशा सुईतून 'ब' प्रकारची कावीळ होऊ शकते, एचआयव्हीचाही धोका असतो. एचआयव्ही टाळायचं औषध 72 तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं, आणि पुढे 28 दिवस घ्यावं लागतं. काविळीची लस तर आधीच देऊन ठेवता येते. मावशींना यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याच दुपारी त्यांना सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी तपासून औषध सुरू केलं, पैसे पडले नाहीत.

गटारात उतरून कामगार दगावला की बातमी होते, व्हायलाच हवी. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये त्याची भरपाई 30 लाख केली. पण काचेने कापलं, कंबर धरली, सुई टोचली, याची नोंदच होत नाही. नोंद केली की जबाबदारी येते ना! वास्तविक कामावर इजा झाली तर भरपाई द्यायची, हा कायदा 1923 सालचा. मध्ये ठेकेदार असला तरी ज्याचं मूळ काम त्याला हात झटकता येत नाहीत. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे कायम आहे. पण त्यासाठी आधी तुम्ही कामगार आहात, हे दाखवावं लागतं. मावशींकडे हजेरीचा साधा कागद नाही. मुंबईतल्या 2700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं, तेव्हा कुठे 2017 साली निकाल लागला. त्यांच्यामागे संघटना होती. आमच्या मावशी तालुक्याच्या कोर्टाची पायरी तरी कशी चढणार?

आमच्या भिशीतल्या सातजणींनी मिळून अर्ज लिहिला. जाड हातमोजे, काविळीची लस, हजेरीपत्रक आणि इजेची वही, एवढंच मागितलंय. पोच द्यायला मात्र कुणी तयार नाही. सोमवारी पुन्हा जाणार आहोत. सुया आता मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण लावून साठवते, वर लाल शाईने 'सुई' लिहून. सासूबाई विचारतात, एवढं कशाला?